गोगलगाय, पोटात पाय आणि पंधरा प्राणिसंग्रहालयं



दहावीच्या विज्ञानात पर्यावरणीय व्यवस्थापनाचा पाठ घेताना आपण संकटग्रस्त, दुर्मीळ, संवेदनशील अशी प्रजातींची वर्गवारी फळ्यावर लिहितो. उदाहरणंही ठरलेली असतात. वाघ, सिंह, लाल पांडा, शेकरू. मुलं ती पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विषय संपतो. या यादीत आणखी एक रकाना आहे, जो आपण सहसा शिकवत नाही. जागतिक स्तरावर प्रजातींची नोंद ठेवणाऱ्या आययूसीएनच्या लाल यादीत तो आहे : 'निसर्गातून नामशेष'. म्हणजे प्राणी पृथ्वीवर आहे, जिवंत आहे, पिल्लंही देतो आहे. पण त्याच्या मूळ घरी एकही नाही. जे काही उरले आहेत ते पिंजऱ्यात, टाकीत, डब्यात. प्राणिसंग्रहालयाचं दार बंद झालं तर तो प्राणीच संपला.

या रकान्यात बसलेला आणि त्यातून बाहेर आलेला एक प्राणी आज आपण बघू. तो वाघाएवढा रुबाबदार नाही. जेमतेम एक-दोन सेंटिमीटरची गोगलगाय आहे, नाव पार्तुला. वर्गात 'गोगलगाय' म्हटलं की निम्मा वर्ग 'ईऽऽ' करतो, हे मला माहीत आहे. तरीही हेच उदाहरण घ्या असं मी सुचवीन. वाघ वाचवायला हवा हे मुलांना आधीच पटलेलं असतं, तिथे विचार करायला काही उरत नाही. गोगलगायीसाठी मात्र युक्तिवाद करावा लागतो.

कुठली ही गोगलगाय?

पृथ्वीगोल घ्या. प्रशांत महासागराच्या मधोमध, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका यांच्या दरम्यान, ताहिती शोधा. बहुतेक गोलांवर तो एक ठिपका असतो. त्याच्या शेजारी मूरिया, थोडं वायव्येला हुआहिने, रायातेआ, बोराबोरा. ही सोसायटी बेटं, फ्रेंच पॉलिनेशियाचा भाग. समुद्रतळातून ज्वालामुखींनी वर आणलेली. म्हणजे ती कधीच कुठल्या खंडाला जोडलेली नव्हती. जे जीव तिथं पोचले ते उडत, तरंगत किंवा कशाला तरी चिकटून पोचले आणि मग तिथेच अडकले.

पार्तुला अशाच अडकल्या. डोंगर उंच, दऱ्या खोल. एका दरीतली गोगलगाय शेजारच्या दरीत जाणार कधी? तिचं सगळं आयुष्य एखाद-दुसऱ्या झाडावर जातं. त्यामुळे दरी बदलली की शंखाचा रंग बदलतो, पट्टे बदलतात, आकार बदलतो. या बेटांवर पार्तुलाच्या सुमारे ६० प्रजाती नोंदल्या गेल्या. विचार करा, मूरिया हे अख्खं बेट १३४ चौरस किलोमीटरचं, आणि त्या एका बेटावर सात प्रजाती, ज्या जगात दुसरीकडे कुठेही नाहीत.

हेन्री क्रॅम्प्टन नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या दऱ्या पायी पालथ्या घातल्या. दरी-दरीतले हजारो शंख गोळा करून मोजले आणि १९१६, १९२५ व १९३२ मध्ये जाडजूड ग्रंथांत त्यांची मापं छापली. नव्या प्रजाती कशा घडतात हे पुस्तकात वाचायचं असतं. इथे ते घडताना दिसत होतं. पुढे १९६० नंतर ब्रिटनचे ब्रायन क्लार्क आणि अमेरिकेचे जेम्स मरे यांनी, आणि नंतर ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या मायकेल जॉन्सन यांनी हाच अभ्यास आनुवंशशास्त्राच्या अंगाने चालवला. गॅलापागोसच्या फिंच पक्ष्यांचं नाव आपल्या पुस्तकांत येतं. पार्तुलाचं यायला हरकत नव्हती.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागतील. एक म्हणजे पार्तुला अंडी घालत नाही. पोटातच पिल्लू वाढवते आणि छोटासा शंख घातलेलं तयार पिल्लू जन्माला घालते. एका वेळी एकच, आणि दोन पिल्लांमध्ये काही आठवडे जातात. दुसरी म्हणजे ती झाडावर राहत असली तरी ताज्या पानांची नासाडी करत नाही. कुजकी पानं, शेवाळ, बुरशी हे तिचं खाणं. जंगलातला कचरा संपवणारी ही शांत कामगार. तिथले लोक तिचे शंख ओवून हार करत.

पाहुणी नंबर एक, पाहुणी नंबर दोन

आता गोष्टीत आपल्या ओळखीचं एक पात्र येतं. मराठवाड्यातल्या शिक्षकांना त्याची वेगळी ओळख करून द्यायला नको. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद भागात उगवलेलं सोयाबीन रातोरात फस्त करणारी शंखी गोगलगाय. हिचं शास्त्रीय नाव अ‍ॅकॅटिना फुलिका, मूळ गाव पूर्व आफ्रिका. आपल्याकडे ती १८४७ मध्ये मॉरिशसहून कलकत्त्याला आणली गेली, तीही मुद्दाम, शंखांचा शौक असलेल्या एका इंग्रज गृहस्थाच्या हस्ते. तिथून ती देशभर पसरली. एका वेळी शंभराच्या वर अंडी घालते, त्यामुळे पसरायला वेळ लागत नाही.

हीच गोगलगाय १९६७ मध्ये ताहितीत आणली गेली. कशाला? खायला. फ्रेंच लोक गोगलगाय आवडीने खातात, तेव्हा मोठ्या गोगलगायी पाळून विकाव्यात असा बेत होता. बेत फसला, गोगलगायी सुटल्या आणि बागा, शेतं, भाजीचे वाफे खायला लागल्या.

मग उपाय शोधला गेला. 'काट्याने काटा काढायचा.' अमेरिकेत फ्लोरिडाकडे एक गोगलगाय असते, ती दुसऱ्या गोगलगायींची शिकार करते. नाव युग्लँडिना, इंग्रजीत तिला लांडग्याचं नाव चिकटलेलं आहे आणि ते शोभतं. दुसऱ्या गोगलगायीने मागे सोडलेला चिकट माग ती तोंडाजवळच्या लांब ओठांनी हुंगत जाते, गोगलगायीच्या मानाने भलत्याच वेगाने, आणि भक्ष्य लहान असेल तर शंखासकट गिळते. आपल्याकडे 'गोगलगाय आणि पोटात पाय' म्हणतात ते हिच्याइतकं कुणालाच लागू पडणार नाही. (जीवशास्त्रात या वर्गाचं नावच 'पोटपाये' आहे, हे वर्गात जरूर सांगा. म्हण तयार करणाऱ्याने प्राणी नीट पाहिला होता.)

ही शिकारी १९७४ मध्ये ताहितीत आणि १९७७ मध्ये मूरियात सोडण्यात आली. जैविक नियंत्रण म्हणून, सरकारी मान्यतेने, विषारी फवारणीपेक्षा बरा मार्ग म्हणून. हवाई बेटांवर ती १९५५ पासूनच होती आणि तिथल्या स्थानिक वृक्ष-गोगलगायींची ती काय दशा करते हे बघणाऱ्यांना दिसत होतं. तरी सोडली. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी जागा ही वाटते. माहिती होती, ती निर्णय घेणाऱ्या टेबलापर्यंत पोचली नाही, किंवा पोचली आणि बाजूला ठेवली गेली.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. आफ्रिकी गोगलगाय मोठी, जड, अंगाबरोबरच तिचा शंखही भक्कम. तिच्या शेजारच्या झाडावर सुपारीपेक्षाही लहान, पातळ शंखाची पार्तुला. शिकाऱ्याने सोपी शिकार निवडली. मूरियात युग्लँडिना वर्षाला साधारण एक किलोमीटर या वेगाने पुढे सरकत गेली आणि तिच्या मागे रिकाम्या दऱ्या उरल्या. क्लार्क, मरे आणि जॉन्सन यांनी १९८४ मध्ये या पसरण्याचा आलेख मांडून इशारा दिला. १९८७ पर्यंत मूरियाच्या जंगलातून पार्तुला गेल्याच होत्या. लाखो वर्षांत घडलेलं दहा वर्षांत पुसलं गेलं. १९९० च्या दशकात तीच पाळी रायातेआ आणि हुआहिनेवर आली.

इथे थांबून मुलांना एक हिशेब घालायला सांगा. एक प्राणी शंभर अंडी घालतो, दुसरा काही आठवड्यांनी एकच पिल्लू देतो. दोघांचेही निम्मे प्रौढ आज मेले. दोन वर्षांनी कोण कुठे असेल? आकडे मुलांनीच गृहीत धरावेत. बेटावरचे प्राणी एवढे नाजूक का असतात याचं अर्धं उत्तर या हिशेबात आहे. उरलेलं अर्धं असं : शिकारी कधी पाहिलाच नव्हता, त्यामुळे लपणं, पळणं, जाड कवच, काहीच अंगी आलेलं नाही. आणि पळायचं म्हटलं तरी चारी बाजूंना समुद्र.

डब्यातलं जंगल

जंगल वाचणार नाही हे दिसल्यावर शास्त्रज्ञांनी हाती लागतील त्या जिवंत पार्तुला उचलल्या आणि प्रयोगशाळांमध्ये नेल्या. नॉटिंगहॅम विद्यापीठात क्लार्क यांच्याकडे त्या वाढू लागल्या. पण विद्यापीठाची प्रयोगशाळा किती वर्षं गोगलगायी पाळणार? प्रकल्प संपतो, निधी संपतो, प्राध्यापक निवृत्त होतात. प्राणी पिढ्यान् पिढ्या सांभाळण्याचा सराव असलेली संस्था एकच, प्राणिसंग्रहालय. म्हणून लंडन, जर्सी, एडिनबरा, अमेरिकेतलं डेट्रॉइट अशी संग्रहालयं यात आली. पुढे ब्रिस्टल, चेस्टर, सेंट लुईस, लात्व्हियातलं रिगा, जर्मनीतलं श्वेरीन अशी भर पडत गेली. आज युरोप-अमेरिकेतली साधारण पंधरा संग्रहालयं मिळून हे काम करतात आणि लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेचे पॉल पिअर्स-केली यांनी दीर्घकाळ त्याचं सूत्रसंचालन केलं आहे.

प्रत्यक्षात हे काम दिसतं कसं? सांगितलं तर मुलांचा विश्वास बसत नाही. मोठा पिंजरा नाही, खंदक नाही. प्लास्टिकच्या छोट्या टाक्या, तळाशी ओला टिश्यू पेपर, वर स्वयंपाकघरात वापरतात तसली पातळ प्लास्टिकची फिल्म ताणून लावलेली. खायला ओट्सचं पीठ, वाळवलेल्या पाल्याची पूड, माशांचं खाद्य आणि शंखासाठी कॅल्शियम हवं म्हणून समुद्रफेस कुटून. सगळं कालवून टाकीला लावायचं. तापमान आणि ओल बेटासारखी राखायची. दर काही दिवसांनी टाकी धुवायची, प्रत्येक पिल्लू मोजायचं. एका खोलीत एखाद्या प्रजातीची जगातली सगळी लोकसंख्या मावते. ती खोली झाडणाऱ्या माणसाच्या जबाबदारीची कल्पना करून बघा.

आता मुख्य प्रश्न. एका खोलीत मावतात, तर मग पंधरा संग्रहालयं कशाला? एकाच ठिकाणी, एकाच तज्ज्ञाच्या हाताखाली ठेवणं सोपं नाही का?

उत्तर एका मृत्यूत आहे. रायातेआहून वाचवलेली पार्तुला टर्जिडा ही प्रजाती लंडनच्या संग्रहालयात वाढत होती. मग तिच्यात एका सूक्ष्म परजीवीचा संसर्ग शिरला. संख्या उतरत गेली. शेवटी एकच उरली, सांभाळणाऱ्यांनी तिचं नाव 'टर्जी' ठेवलं होतं. जानेवारी १९९६ मध्ये टर्जी मेली आणि त्या क्षणी प्रजाती संपली. एखाद्या रोगामुळे अख्खी प्रजाती नष्ट झाल्याचं हे पुराव्यानिशी नोंदलं गेलेलं पहिलंच उदाहरण मानतात. एखादी प्रजाती नेमकी कोणत्या महिन्यात, कोणत्या खोलीत संपली हे आपल्याला सहसा कळत नाही. इथे कळलं.

आणि वाटून ठेवल्याने सगळं साधतं असंही नाही. पार्तुला फाबा नावाची गोगलगाय कॅप्टन कुकच्या १७६९ च्या सफरीत युरोपीयांच्या हाती पहिल्यांदा आली. या गटातली विज्ञानाला माहीत झालेली ती पहिली. तिला संग्रहालयातलं जगणं मानवलं नाही. अनेक वर्षं प्रयत्न करूनही २०१६ मध्ये एडिनबरात तिचा शेवटचा जीव गेला. वर्गात ही गोष्ट सांगताना या दोन प्रजाती गाळू नका. यशाच्याच गोष्टी सांगितल्या की मुलांना वाटतं, प्राणी टाकीत ठेवला म्हणजे वाचला.

कडधान्याचा खेळ

एकत्र काम करण्याचं दुसरं कारण समजवायला मी एक खेळ सुचवते. सहावीपासून पुढे कुठल्याही वर्गात चालतो, घरीही पालक मुलांबरोबर करू शकतात. हरभरा, मूग, मसूर, चवळी, वाटाणा, राजमा, प्रत्येकी दहा दाणे. साठ दाणे म्हणजे एक प्रजाती, सहा प्रकार म्हणजे तिच्यातले आनुवंशिक गुण. दाणे पिशवीत घालून हलवा. आता शिकारी आला. न बघता फक्त दहा दाणे बाहेर काढा. हे वाचलेले. राजमा मोठा असल्याने हाताला लागतो आणि मुलं लबाडी करतात, तेव्हा चमच्याने काढायला लावा.

बघा काय होतं. अनेकदा एखादं कडधान्य दहात नसतंच. आता या दहांची वाढ करून पुन्हा साठ करायचे, पण ज्या प्रमाणात आहेत त्याच प्रमाणात. मसूर आली नसेल तर साठातही मसूर नाही. कितीही वाढवा, ती परत येणार नाही. पुन्हा दहा काढा, पुन्हा वाढवा. तीन-चार फेऱ्यांत काही गटांकडे दोन-तीनच कडधान्यं उरतात. संख्या साठच आहे, म्हणजे मोजणाऱ्याला सगळं ठीक दिसतंय, पण आतून पोकळ झालंय.

हाच खेळ सहा बाकांवर सहा गट एकदम खेळू देत. एका बाकावरची मसूर गेली असेल, दुसऱ्या बाकावरची शिल्लक असते. मग मधूनमधून बाकांनी दोन-दोन दाणे एकमेकांना द्यायचे असा नियम करा. सगळ्या वर्गाची कडधान्यं टिकतात. संग्रहालयं नेमकं हेच करतात. कुठल्या टाकीतला गट कुठून आला, कुणाकडे किती, कुणाचं रक्त एकमेकांच्या फार जवळचं झालंय याची सामाईक वंशावळ ठेवली जाते आणि त्यानुसार गोगलगायी एका देशातून दुसऱ्या देशात पाठवल्या जातात. वाघ-सिंहांची वंशावळ एकेका प्राण्याच्या नावानिशी असते, गोगलगायींची गटागटाने. आपल्याकडे सोयरीक जुळवताना गोत्र विचारतात, तशातलंच हे. फरक एवढाच की इथे मागे नोंदवही आहे.

शेवटी एक चिठ्ठी टाका : 'रोग आला.' ज्या बाकावर चिठ्ठी निघेल त्याचे सगळे दाणे परत घ्या. पाच बाक शिल्लक राहतात. मग सगळे दाणे एकाच बाकावर ठेवून चिठ्ठी टाका. टर्जीबद्दल वेगळं समजवावं लागत नाही.

क्लार्क दांपत्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी पुढचा विचार केला. जिवंत प्राणी वाचला नाही तर निदान त्याच्या पेशी आणि डीएनए गोठवून ठेवावेत, म्हणून नॉटिंगहॅममध्ये 'फ्रोझन आर्क' नावाचा उपक्रम सुरू झाला. मनूच्या नावेत बियाणं होतं, तसं काहीसं. मात्र गोठवलेल्या डीएनएपासून आज गोगलगाय उगवत नाही, हे मुलांना स्पष्ट सांगा. चित्रपट पाहून त्यांची समजूत वेगळी झालेली असते.

परतीचा प्रवास

घर वाचवल्याशिवाय परत पाठवायचं कुठे? १९९४ मध्ये मूरियात छोटासा संरक्षित चौकोन बांधून पाहिला. भोवती भिंत, मिठाची पन्हळ, विजेची तार, शिकारी गोगलगाय चढू नये म्हणून. झाडोरा वाढून भिंतीला टेकला, शिकाऱ्याला पूल मिळाला. प्रयत्न फसला.

दरम्यान ताहितीत एक कोडं उभं राहिलं. बाकी प्रजाती गेल्या, पण पांढुरक्या शंखाची पार्तुला हायलिना दऱ्यांच्या कडेला उन्हाच्या जागी तग धरून होती. का? मिशिगन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी डाळीच्या दाण्याएवढे संगणक, उजेड मोजणारे, थेट शिकारी गोगलगायीच्या शंखावर चिकटवले. पार्तुला संरक्षित असल्याने तिच्यावर चिकटवता येत नव्हते. ती दिवसा पानाखाली झोपते, तेव्हा तिच्याजवळ पानावर ठेवले. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आला. पार्तुला हायलिनाच्या जागी शिकाऱ्याच्या जागेपेक्षा सरासरी दहापट ऊन होतं. पांढरा शंख ऊन परतवतो, शिकाऱ्याला ते ऊन सोसत नाही. 'उन्हाळ्यात पांढरे कपडे का घालावेत' हा प्रश्न आपण प्राथमिकला शिकवतो. त्याच तत्त्वावर एक प्रजाती जिवंत राहिली. जंगलाची उन्हाची कड तोडली तर तिचा आसरा जाईल, हेही यातून कळलं.

२०१५ पासून संग्रहालयात वाढलेल्या गोगलगायी बेटांवर परत सोडायला सुरुवात झाली, फ्रेंच पॉलिनेशियाच्या सरकारबरोबर. आधी सगळ्यांचं विलगीकरण. तो शब्द आता पहिलीच्या मुलालाही कळतो. डब्यातला रोग जंगलात जाता कामा नये. मग प्रत्येकीच्या शंखावर लाल रंगाचा एक ठिपका, जो अतिनील प्रकाशात चमकतो. या गोगलगायी रात्री फिरतात, त्यामुळे रात्री दिवा टाकला की दिसतात. मग ओलसर आवरणात गुंडाळून विमानाने सुमारे पंधरा हजार किलोमीटर. २०२३ च्या एका खेपेतच पाच हजारांहून जास्त गोगलगायी ताहिती आणि मूरियात पोचल्या. ट्रेव्हर कूट यांच्यासारखे क्षेत्र-अभ्यासक वर्षानुवर्षं तिथल्या दऱ्यांत चढून उरलेल्यांची मोजणी करत होते, म्हणून कुठे सोडायच्या हे ठरवता आलं.

आणि २०२४ मध्ये मूरियात शोधपथकाला पार्तुला तोहिवेआनाच्या काही प्रौढ गोगलगायी सापडल्या, ज्यांच्या शंखावर ठिपका नव्हता. ही प्रजाती 'निसर्गातून नामशेष' या रकान्यात होती. तिथून ती काढून 'अतिसंकटग्रस्त' मध्ये नोंदवण्यात आली. एरवी अतिसंकटग्रस्त ही वाईट बातमी असते. इथे आनंद झाला. असं का, आणि ठिपका नसण्याने एवढा आनंद का व्हावा, हे मुलांना विचारा आणि उत्तर लगेच देऊ नका.

धोका टळलेला नाही. शिकारी गोगलगाय बेटांवर आहेच, पूर्वीपेक्षा कमी असली तरी. शिवाय न्यू गिनीकडचा एक चपटा कृमी आता तिथे पोचलाय आणि तोही गोगलगायी खातो.

मुलं विचारतील ते

पहिला प्रश्न : गोगलगाय वाचवून काय उपयोग? पानं कुजवते, अन्नसाखळी, ही उत्तरं खरी आहेत, पण ती देऊन मुलाला गप्प करू नका. मूरियाचं जंगल पार्तुला गेल्यावर कोसळलं नाही. माझ्या मते प्रामाणिक उत्तर वेगळं आहे. ती आपण घालवली, म्हणून. कुणी तरी सोयीसाठी आणलं, कुणी तरी घाईत उपाय केला. वर्गात एकाचा डबा दुसऱ्याने सांडला तर डब्याचा उपयोग विचारत नाहीत.

दुसरा प्रश्न पालकांनाही पडतो : प्राणिसंग्रहालय म्हणजे तुरुंगच ना? याचं सरसकट उत्तर नाही. टाकीतल्या गोगलगायीला बहुधा काही कमी पडत नाही, हत्तीला पडतं. आणि संग्रहालयात प्राणी आहे म्हणजे संवर्धन चाललंय असंही नाही. राणीच्या बागेत किंवा कात्रजला मुलांना नेलंत, तर 'वाघ दिसला का' याच्याबरोबर तिथल्या माहिती-फलकावर आणखी काही शोधायला सांगा. या प्राण्याची पिल्लं इथे जन्मतात का, ती कुठे जातात, जंगलात कधी कुणी परत गेलं का? दार्जिलिंगच्या संग्रहालयातला लाल पांडा, किंवा पिंजोरच्या केंद्रात वाढवून आपल्या पेंच आणि ताडोब्यात आणलेली गिधाडं, ही आपल्या देशातली याच कामाची उदाहरणं आहेत. परत सोडण्याचा टप्पा सगळ्यात अवघड असतो, तेही सांगा.

तिसरा प्रश्न मराठवाड्यातली मुलं हमखास विचारतील : मग आमच्या सोयाबीनवरची गोगलगाय खायला ती शिकारी आणू या का? हा प्रश्न आला तर समजा तास वसूल झाला. उत्तर त्यांनाच गोष्टीत शोधू द्या. आपल्याकडे कृषी विभाग सांगतो ते उपाय कष्टाचे आहेत; गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी शेतात टाकायची, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या किंवा चुन्याच्या पाण्यात टाकायच्या, बांध स्वच्छ ठेवायचे. शेजारच्या शेतकऱ्याने केलं नाही तर आपलं केलेलं वाया जातं, तेव्हा गावाने मिळून करायचं. पण यात पहिला रोग घालवायला दुसरा आणावा लागत नाही.

एक छोटं काम घरी द्या. पावसाळ्यात शेतात, ओढ्याला रिकामे शंख सापडतात. टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरायचं. तोंड उजवीकडे आलं तर उजवा शंख, डावीकडे आलं तर डावा. वीस शंख तपासून नोंद करायची. बहुतेक उजवे निघतील. पार्तुलाच्या एका प्रजातीत डावे आणि उजवे दोन्ही असतात, आणि डाव्या-उजव्याची जोडी जमणं अवघड जातं, त्यामुळे प्रजाती वेगळ्या होण्याच्या अभ्यासात तिला फार महत्त्व आलं. घरात देवापाशी शंख असेल तर तोही बघायला सांगा, पण आधी एक गोंधळ निस्तरा : पूजेत ज्याला दुर्मीळ 'दक्षिणावर्ती' म्हणतात तो शास्त्राच्या मापाने डावा भरतो, कारण तो धरण्याची रीत उलटी आहे.

शंख रिकामेच उचलायचे. जिवंत शंखी गोगलगायीला उघड्या हाताने शिवू देऊ नका. तिच्या अंगात माणसाच्या मेंदूपर्यंत पोचणारा एक परजीवी कृमी असू शकतो. हातमोजा नसेल तर प्लास्टिकची पिशवी उलटी करून हातात घालायची, आणि काम झालं की साबणाने हात धुवायचे.